चपट्या नाकाचा दम

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक पोतं पिळलं. उन्हाळ्याची दुपार होती. हौदात भिजवलेलं गोणपाट एका टोकानं तिनं धरलं, दुसऱ्या टोकानं मी, आणि पीळ दिला. रोजचंच काम. आमच्या कुत्र्याला ऊन सोसत नव्हतं, म्हणून दुपारचं त्याला ओल्या पोत्यावर घ्यायचं.

"तुमचं टोक ढिलं सोडायलाव," ती म्हणाली. "सगळं पाणी माझ्या लुगड्यावर."

"मग लुगडं खोचून घे."

"आता ह्या वयात लुगडं नेसायचं तुमच्याकडनं शिकू व्हय?"

लिंबाच्या सावलीत पोतं अंथरलं. कुत्रा आला, चारी पाय चार बाजूंना टाकून पोटावर पडला आणि घरघरायला लागला. ती भिंतीला हात धरून आत गेली. मी बाहेर बिडी ओढत बसलो. आतनं भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं मांजर असंल. मांजर नव्हतं.

डॉक्टर म्हणाला हृदय बंद पडलं. त्याच्यावर अजून लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही. मी लिहायला बसलो ते कुत्र्याचं.

माझी शाळा चौथीपर्यंत. धंदा बैलांना पत्री मारायचा. पत्री म्हणजे बैलाच्या खुराला ठोकायची लोखंडी पट्टी. बैलाचे पाय दोरीनं बांधून त्याला आडवा पाडायचा, खूर तासायचा, पत्री ठोकायची. ईट गावच्या बाजारात माझी जागा ठरलेली होती. पुढं ट्रॅक्टर आले, बैल गेले, माझी जागा एका भजेवाल्यानं घेतली. भजी चांगली असतात त्याची.

कुत्रा आमचा नव्हता. पवनचक्कीच्या कंपनीतला एक इंजिनियर आमच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचा, त्याचा. बुलडॉग म्हणतात त्या जातीला. पुढून बघितलं तर बेडूक, मागून बघितलं तर डुक्कर. तोंड असं की पळत जाऊन बंद दारावर आपटल्यासारखं. इंजिनियरची बदली राजस्थानला झाली. म्हणाला, तिकडं ऊन लई, हा टिकायचा नाही. मी म्हणलं, मग इथं काय महाबळेश्वर आहे का? पण तोवर हिनं कुत्र्याची थाळी आमच्या ताटाशेजारी फळीवर ठेवून दिली होती. माझं बोलणं उशिरा झालं.

त्याला इंजिनियरनं ठेवलेलं नाव होतं, ते आमच्या तोंडात बसलं नाही. ती त्याला 'लेकरा' म्हणायची, मी 'ए' म्हणायचो. दोन्हीला यायचा.

त्याचा दम कधी सरळ नव्हता. बसला तरी घरघर, चालला तर जास्ती. जेवताना नाकातनं असा आवाज काढायचा की पाहुणे ताटावरून मान वर करून बघायचे. हिचा जीव त्या आवाजात अडकलेला असायचा. घरघर जरा बदलली की हातातलं टाकून बाहेर यायची.

दहाव्याला ओढ्याकाठी गेलो. पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले होते, खाली एक येईना. आमच्याकडं धरून चालतात की कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय. मग ज्यानं त्यानं पुढं होऊन शब्द द्यायचा. पहिला माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, पुढं झाला.

"आक्का, लेकीचं माहेर तुटू देणार न्हाय. मी हाय."

कावळा हलला नाही.

लेक म्हणाली, "आई, आबांकडं मी बघते. जेवणाचं, औषधाचं, सगळं."

कावळ्यानं पंख साफ करून घेतले. तोवर ऊन डोक्यावर आलेलं. म्हातारी माणसं टॉवेल डोक्यावर घेऊन उभी, भटजी दोनदा घड्याळ बघून चुकले. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमी बोला की. तुमचंच काहीतरी राहिलं असंल."

मी उन्हाला कंटाळलो होतो, हे खरं कारण. मोठ्यानं म्हणलं, "कुत्र्याचा दम बरा करतो. जा आता."

आणि कावळा खाली आला. एक आला, त्याच्यामागं बाकीचे आले. बायका रडायला लागल्या. मला विचाराल तर कावळा भुकेला होता आणि माणसं तेवढ्यात मागं सरली होती. पण माझं कोण ऐकतो? त्या दिवसापासनं सगळ्या भावकीत झालं की आक्काचा जीव कुत्र्याच्या दमात होता, आणि तिच्या नवऱ्यानं तो बरा करायचा शब्द दिलाय.

लोक 'सांभाळीन' म्हणतात. सांभाळीन म्हणलं की सुटतं, भाकर टाकली, पाणी ठेवलं, झालं. मी 'बरा करतो' म्हणून बसलो.

पहिला घोर आमच्या आळीनंच लावला. घरात रडारड, येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी, त्यात कुत्र्याची घरघर वाढली. शेजारच्या बाईच्या चार म्हशी. ती कंबरेवर हात ठेवून दारात आली.

"मामंजी, राग मानू नका. पण ही घरघर घटसर्पाची हाय."

घटसर्प म्हशीचा रोग. गळा सुजतो, घशातनं घरघर येते, आणि दिवस पुरा व्हायच्या आत जनावर जातं. आमच्या कुत्र्याचा गळा जन्मापासनंच मांडीएवढा. मी म्हणलं, "दोन वर्षं झाली घरघरायला लागून. घटसर्प एवढा थांबतो का?"

"थांबलेलाच धरतो मग एकदम," ती म्हणाली.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर स्वतः घरी आला. तरुण माणूस, पायात गमबूट, गोठ्यातनं उठून आलेला. त्यानं कुत्र्याचा ताप बघितला, गळा चाचपला आणि हसला.

"काका, घटसर्प न्हाय एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. पुढचं मला विचारू नका. माझा हात म्हशीवर बसलाय. असलं तोंड मी पुस्तकात बघितलंय, समोर पहिल्यांदाच."

"मग कुणाकडं नेऊ?"

"कुत्र्याच्या डॉक्टरकडं. म्हणजे ज्याच्याकडं कुत्रीच येतात असा."

मला तो माणूस आवडला. पण आळीचं समाधान झालं नाही. शेवटी कुत्र्यापायी आळीतल्या सगळ्या म्हशींना घटसर्पाची लस टोचून घेतली, तेव्हा बाया गप बसल्या. एका म्हशीनं डॉक्टरला भिंतीवर दाबला. कुत्रा तेवढा वेळ माझ्या पायात बसून बघत होता.

कुत्र्याचा डॉक्टर मेहुण्यानं शोधला. मोठ्या गावातला, काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर कुत्र्यांचे फोटो. आम्ही गाडी करून गेलो. गाडीवाला आमच्याच गावातला मुसलमान, मला पोरगा असता तर एवढाच असता. त्याच्या बापाच्या टांग्याच्या घोड्याला मीच नाल ठोकायचो, म्हणून मला मामू म्हणतो. कुत्रा मागं बसला आणि यानं गाडी सुरू केली, मग बंद केली, मग परत कान देऊन ऐकलं.

"मामू, ये तो इंजिन बंद करके भी चालू है."

त्या डॉक्टरनं कुत्र्याला टेबलावर घेतलं, नळी लावून छाती ऐकली, सुई दिली, गोळ्या दिल्या. मी विचारलं, "बरा होईल का?" त्यानं वर न बघता म्हणलं, "होणार की. आठवड्यात फरक दिसेल."

फरक दिसला, खोटं का बोलू. घरघर निम्म्यावर आली. मेहुण्यानं पाहुण्यांना फोन करून सांगितलं की दाजींनी शब्द पाळला, आक्का मोकळी झाली. येरमाळ्याला जाऊन येडाई देवीला नारळ फोडून आला. इकडं गोळ्यांनी कुत्र्याला भूक सुटली. दिसंल ते खायचा, पाणी ढोसायचा, दारात मुतायचा. अंगानं फुगला. गोळ्या संपल्या की घरघर परत यायची, परत गोळ्या आणायच्या. गोळ्या कधी बंद करायच्या म्हणून फोनवर विचारलं, तर म्हणाले, चालू ठेवा.

मग एका दुपारी तो उंबऱ्यावरच कोसळला. मी पोतं भिजवायला हौदाकडं गेलो होतो. एकट्यानं पिळायला वेळ लागतो. येऊन बघतो तर जीभ बाहेर, आणि तिचा रंग जांभळासारखा. डोळे पांढरे. मी उचलून त्याला हौदाजवळ नेला, अंगावर पाणी ओतलं. म्हशीवाल्या बाईनं कोल्ड्रिंकच्या दुकानातनं बर्फ आणला, त्याच्या पोटाला लावला, स्वतःच्या पदरानं वारा घातला. घटसर्पाचं काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं जीभ गुलाबी झाली.

मी त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिलो. हा मेला तर घरात आवाज करणारं कुणी राहणार नाही, एवढंच डोक्यात आलं. शब्दाचं नंतर आठवलं.

लेक जळकोटला दिलेली. तिला फोनवर सांगितलं. तिनं तिकडं चौकशी केली. तिच्या ओळखीतल्या एका घरी असलंच चपट्या तोंडाचं लहान कुत्रं होतं, ते सोलापूरला दाखवत होते.

"आबा, डॉक्टरीण बाई हायत. पण त्या लई बोलत न्हायत म्हणं."

"मला कुठं गप्पा मारायच्यात?"

तांबडं फुटायच्या आत निघालो, ऊन लागू नये म्हणून. लेक सोलापुरात येऊन थांबलेली. डॉक्टरीण चाळिशीच्या आसपासची. दवाखान्यात फोटो नव्हते. आमचा नंबर आला तर तिनं कुत्र्याला हातच लावला नाही. त्याला फरशीवर सोडायला सांगितलं आणि खुर्ची ओढून समोर बसली. कुत्रा फिरला, कोपरा हुंगला, बसला, घरघरला. ती बघत होती. बराच वेळ झाला. माझा धीर सुटला.

"बाई, तपासा की."

"तपासायलेच की ओ, आजोबा," ती म्हणाली. "झोपतो कसा?"

"कसा म्हणजे? आडवा."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. बाई हसली नाही. "मान कशावर ठेवून झोपतो का? झोपेतनं दचकून उठतो का?"

तेव्हा मला सुचलं. तो उंबऱ्यावर हनुवटी टेकवल्याशिवाय झोपतच नव्हता. आम्हाला वाटायचं राखण करतोय. बाई म्हणाली, मान वर ठेवली की घसा उघडा राहतो, म्हणून. आणि झोपेतनं दचकायचा तेव्हा हिला वाटायचं त्याला स्वप्न पडलं. बाई म्हणाली, दम कोंडायचा.

मग ती खाली बसली, कुत्र्याचं तोंड हातात धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी नाकाच्या कडा बाजूला ओढल्या. घरघर निम्मी झाली. अंगठे सोडले, परत होती तेवढी. दोनदा तसं केलं. गाडीवाला दारातनं बघत होता, त्याच्या तोंडातनं "या अल्ला" निघालं.

"नाकपुड्या बघा," बाई म्हणाली. "चीर पडल्यासारख्या हायत. वारा जायला वाटच न्हाय. आणि आत टाळूचा मऊ पडदा असतो, तो ह्याचा लांब हाय, श्वास घेताना घशावर पडतो. ही जात काढताना तोंड आखूड केलं माणसानं, आतलं मांस होतं तेवढंच राहिलं."

"मग आधीच्या डॉक्टरनं काय केलं?"

"सूज उतरवली. तेवढ्यापुरतं बरोबरच हाय. कायम देत बसायच्या गोळ्या न्हायत त्या."

"आता बरा कसा करायचा ते सांगा."

"बरा होणार न्हाय, आजोबा. हा आजार न्हाय, ही त्याची घडण हाय. ऑपरेशन करून नाकपुड्या मोठ्या करता येतात, पडदा कापता येतो. दम सोपा होईल. पण ऊन सोसणार न्हाय, पळणार न्हाय. ऑपरेशनमधे जाऊ बी शकतो. आणि आधी वजन उतरवा, एवढ्या वजनावर मी त्याला भूल देणार न्हाय."

मी म्हणलं, "मला बरा पाहिजे."

"मग मी न्हाय तुमच्या कामाची."

असं तोंडावर. मी कुत्रा उचलला आणि बाहेर आलो. लेक मागनं "आबा, आबा" करत आली. मी गाडीत बसलो. "चल," म्हणलं.

गाडीवाल्यानं गाडी काढली. शहर मागं पडलं. थोड्या वेळानं म्हणाला, "मामू, एक बोलू? तो दुसरा डॉक्टर बरा होतो म्हणला होता ना. त्याच्याकडंच चल मग. अच्छा बोलता है वो."

मी मागं वळून बघितलं. लेकीशेजारी कुत्र्यानं सीटवर हनुवटी टेकवली होती.

माझ्या धंद्यात लोक फाटक्या खुराचा बैल घेऊन यायचे. विचारायचे, ठीक होईल ना? मी म्हणायचो, चालंल, पण नांगराला जुंपू नका. त्यांना राग यायचा. बाजारात माझ्यापलीकडं अजून एकजण पत्री मारायला बसायचा, त्याच्याकडं जायचे. तो हो म्हणायचा. पुढच्या हंगामात तोच बैल खाटकाच्या दोरीला दिसायचा. मी त्यांना कधी काही बोललो नाही, गिऱ्हाईक होतं ते. पण मनात म्हणायचो, खरं ऐकायला आले नव्हते, होकार घ्यायला आले होते.

"गाडी वळव," मी म्हणलं.

"कायकू?"

"वळव म्हणलं ना."

लेकीनं आवाज न करता नाक पुसलं. दवाखान्यात बाईनं आम्हाला परत आलेलं बघितलं. म्हणाली, "बसा. खाणं काय काय देता ते सांगा."

वजन उतरवणं हेच अवघड गेलं. मी कमी घालायचो, गाव जास्ती घालायचं. ज्या आळीला हा घटसर्पानं मरावा वाटत होतं, तीच आळी आता याला बिस्किटं चारायची, कारण 'बिचारा वाळायला'. मेहुणा आला की शर्टाच्या खिशातनं शेव काढायचा. एकदा पकडला.

"आरं, त्याला मारायला निघालास का?"

"दाजी, आक्का असती तर उपाशी ठिवू दिला असता का?"

"आक्का असती तर तुझ्या हातावर लाटणं मारलं असतं."

तो ओट्यावर बसला. थोडा वेळ शेव स्वतःच खाल्ली. मग म्हणाला, "सगळे म्हणायलेत की ती बाई बरा होणार न्हाय म्हणली. खरं का?"

"खरं."

"मग तिच्याकडं कशाला जायलाव? कावळ्यासमोर बोललाव तुमी. दहा माणसांत. बरा करतो म्हणून."

"बोललो."

"मग आक्काला काय तोंड दाखवायचं?"

"तुझी बहीण हाय. तू दाखव."

तो चिडून उठला. चपला घालून रस्त्यापर्यंत गेला आणि परत आला. त्याच्या डोळ्यांत खरंच भीती होती. माझ्या मनात तसलं काही नसलं तरी त्याच्या मनात होतं, हे मला तेव्हा दिसलं. त्याची बहीण कुठंतरी अडकून बसलीय असं त्याला वाटत होतं, आणि तिला सोडवायची किल्ली माझ्यासारख्या माणसाच्या हातात. मी त्याच्या जागी असतो तर मीही घाबरलो असतो.

"ऑपरेशनला चल," मी म्हणलं. "स्वतः विचार तिला."

श्रावण सरला, ऊन मवाळ झालं, कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या. बाईनं तारीख दिली. आम्ही चौघं गेलो. मेहुण्यानं येरमाळ्याहून येडाईचा अंगारा आणला होता. पुडी सोडली आणि थेट कुत्र्याच्या नाकाकडं हात नेला.

"नाकाला नको ओ," बाई म्हणाली. "कपाळाला लावा. माझ्या हाताला बी लावा थोडा."

मेहुण्यानं लावला. मग तिनं आम्हाला सांगितलं, "कापणं अवघड न्हाय. शेवटी घशातली नळी काढते, तेव्हा हा आपल्या आपण दम घेतो का न्हाय, तेवढंच बघायचं असतं. तेव्हा मला कुणी हाक मारू नका."

बाहेरच्या बाकावर बसलो. गाडीवाल्यानं सगळ्यांना चहा आणला, कुणी पिला नाही, त्यानं एकट्यानं चारही पिले. लेक मोबाईल उघडायची आणि बंद करायची. मेहुणा काहीतरी पुटपुटत होता. मी भिंतीकडं बघत होतो. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

दार उघडलं आणि बाईनं मला एकट्याला आत बोलावलं. "तुमचा वास ओळखीचा हाय त्याला. डोक्याशी उभे राहा. बोलू नका."

कुत्रा पोटावर ठेवलेला होता, हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल. जीभ पुढं ओढलेली. घशात नळी. नाक सुजलेलं, टाके घातलेले. बाई नळी काढायची घाई करत नव्हती. त्यानं डोळे उघडले, मिटले. मग जबडा हलवून नळी चावायला लागला. तरी बाई थांबलेली. त्यानं मान उचलायचा यत्न केला, तेव्हा तिनं एका दमात नळी बाहेर काढली.

आणि काहीच ऐकू येईना.

या कुत्र्याला मी एवढी वर्षं ओळखत होतो, पण आवाजाशिवाय कधी ओळखत नव्हतो. आवाज नाही म्हणजे गेला, एवढंच मला कळलं. माझे हात आपोआप खाली गेले. बाईनं माझं मनगट धरलं. बोलू नका म्हणालेली तीच बोलली.

"पोटाकडं बघा."

पोट वर येत होतं, खाली जात होतं. सावकाश. नाकाजवळ तिनं कापसाची बारीक वात धरली, ती हलत होती. आवाज नव्हता.

"हे असं असतं," ती म्हणाली.

मी बराच वेळ उभा राहिलो. तिनं जा म्हणल्यावर बाहेर आलो. तिघंही उठून उभे. माझ्यामागं बाई हात पुसत आली. मेहुणा मला ओलांडून तिच्यापुढं गेला.

"बाई, बरा झाला ना?"

बाईनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं लेकीनं सांगितलेलं असावं, कावळ्याचं पण. तिनं काही गोड सांगितलं असतं तर मेहुण्यानं तिथंच नारळ फोडला असता. मी तिला बोलू दिलं नाही.

"न्हाय," मी म्हणलं. "बरा झाला न्हाय. बरा होत नसतो हा. दम घ्यायलाय, तेवढं झालं."

मेहुणा माझ्याकडं बघत राहिला. "मग आता?"

"आता ऊन टाळायचं, खाणं कमी, गळ्याला पट्टा न्हाय. जगंल तोवर."

"म्हणजे तुमचं काम संपलंच न्हाय."

"न्हाय."

तो खाली बसला. टोपी काढली, परत घातली. बोटं मोजत काहीतरी हिशेब केला. मग म्हणाला, "काम चालूच हाय म्हणल्यावर, शब्द मोडला असं बी म्हणता येत न्हाय."

"तसं धर," मी म्हणलं.

"आक्काला तसंच सांगतो मी."

लेक तोंडाला पदर लावून वळली. हसत होती का रडत होती, मी विचारलं नाही. गाडीवाला म्हणाला, "मामू, अब गाडी में आवाज नहीं आएगा तो मेरेकू नींद लगेगी."

बाईनं कुत्र्याला ठेवून घेतलं. मेहुणा आणि लेक जळकोटला गेले. मी आणि गाडीवाला तिथंच राहिलो.

सकाळी बाईच्या हाताखालच्या बाईनं कुत्र्याला मागच्या अंगणात सोडलं. उजाडलं होतं, गार होतं. तो पाय ओढत गाडीपर्यंत गेला आणि चाकावर मुतला. गाडीवाल्यानं त्याच्या सात पिढ्या काढल्या. कुत्रा तिथंच उभा राहिला. तोंड मिटलेलं होतं त्याचं. चालून आल्यावर तोंड मिटून उभा राहिलेला मी त्याला पहिल्यांदा बघितला. तोंड मिटल्यावर त्याचा चेहरा जरा रागीट दिसतो.

बाईनं माझ्या हातात कापूस आणि औषधाच्या पाण्याची बाटली दिली. म्हणाली, नाकाला खपली धरू द्यायची नाही, सकाळ-संध्याकाळ पुसायचं, आत्ताच करून दाखवा. माझी बोटं जाड, खुरावर चालवलेली. मी उकिडवा बसलो, कापूस ओला केला आणि त्याची डावी नाकपुडी पुसली. तो मागं सरला. मग उजवी पुसायला गेलो तर जोरात शिंकला, आणि रक्ताचं पाणी माझ्या सदऱ्यावर उडालं.

"जमलं," बाई म्हणाली.

मी उजवी नाकपुडी पुसून घेतली. सदरा तसाच अंगावर ठेवला. कुत्रा गाडीत चढवला आणि ऊन व्हायच्या आत निघालो.